मानेतली गाठ तीच, स्टेज मात्र बदलली

घशाचा कॅन्सर मानेतल्या लसिका ग्रंथींत उतरला की जगण्याची शक्यता निम्म्यावर येते, हा जुना ठोकताळा. त्याच धास्तीतून १९०६ सालच्या शस्त्रक्रियेत ग्रंथींसोबत मानेचा जाड स्नायू, मोठी शीर आणि खांदा उचलणारी नसही काढत. खांदा कायमचा पडायचा. पुढे नस वाचवता येऊ लागली, रेडिएशनला केमोची जोड मिळाली.

गुंता झाला तो ‘स्टेज’ या शब्दाचा. टॉन्सिलमध्ये दीड सेंटीमीटरची गाठ, मानेत त्याच बाजूला तीन ग्रंथी, त्यातली मोठी चार सेंटीमीटरची. २०१८ पूर्वीच्या नियमांनी ही स्टेज ४ए. हे ‘चार’ ऐकूनच घरचे खचायचे; वास्तविक ४ए बरी होण्यासारखी, शरीरात दूरवर पसरलेला आजार म्हणजे ४सी. या नियमांच्या आठव्या आवृत्तीत, पी१६ ही एचपीव्ही या विषाणूची खूण गाठीत पॉझिटिव्ह असेल तर हाच रुग्ण स्टेज १, निगेटिव्ह असेल तर अजूनही ४ए.

या बदलामागे २०१० साली आलेले आकडे होते. स्टेज ३-४ च्या रुग्णांत तीन वर्षांनी एचपीव्ही पॉझिटिव्ह गटातले ८२ टक्के हयात, निगेटिव्हमधले ५७. सिगारेटने मात्र गणित बिघडतं: रोज एक पाकीट याप्रमाणे दहा वर्षांहून जास्त ओढलेली आणि मानेत अनेक ग्रंथी, असे एचपीव्हीवाले मधल्या जोखमीच्या गटात गेले. त्या गटाचा आकडा ७१ टक्के, कमी जोखमीच्या गटाचा ९३.

बदल योग्यच होता, पण त्याचा अर्थ भलताच लावला गेला. नवी स्टेज अंदाज सांगते, उपचार किती द्यायचे ते नाही. सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाच्या जागी सौम्य समजलं जाणारं सेटुक्सिमॅब देऊन पाहिलं, तर जगण्याचं प्रमाण घटलं. म्हणून ३५ बैठकांत ७० ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचं एकक) आणि सोबत सिस्प्लॅटिन हा मूळ बेत टिकून आहे.

पी१६ म्हणजे विषाणू नव्हे, त्याची खूण सांगणारं प्रथिन. तपासणीत गाठीतल्या किमान ७० टक्के पेशी गडद रंगल्या तरच पॉझिटिव्ह. काहींत पी१६ असतं, विषाणू सापडत नाही; त्यांचे निकाल अधलेमधले. आणि ही सवलत फक्त टॉन्सिल, जिभेचं मूळ या भागापुरती. स्वरयंत्राच्या कॅन्सरमध्ये पी१६ काहीही आलं तरी स्टेज हलत नाही.