निरंक

पोलीस ठाण्याच्या कागदोपत्री भाषेत ‘निरंक’, म्हणजे ‘सांगण्याजोगं काही नाही’, हा शब्द फार कामाचा. वरच्या कार्यालयातून तक्ता येतो: हद्दीतील गांजाची लागवड, विक्रीची ठिकाणे, संशयित इसम, दाखल गुन्हे, जप्त मुद्देमाल. रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरच्या एका ठाण्यात मी दुसऱ्याच कामासाठी बाकावर बसलो होतो, तेव्हा असाच एक तक्ता टेबलावर होता. हवालदारांनी पहिल्या रकान्यात ‘निरंक’ लिहिलं आणि उरलेल्या रकान्यांत ‘वरीलप्रमाणे’ म्हणून दोन-दोन रेघा ओढल्या. पाच मिनिटांत कागद जावकात पडला. त्यात खोटं काहीच नव्हतं. त्या महिन्यात तिथे एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली एकही गुन्हा दाखल नव्हता. पण ‘गुन्हा नाही’ आणि ‘गांजा नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तक्त्याला तो फरक कळत नाही.

अमली पदार्थांचा धोका किती, हे स्थानिक पोलिसांनाच विचारून ठरवायचं, ही पद्धत दिसते तितकी नवी नाही. आणि तिची अडचणही जुनीच आहे.

मार्च १८९३ मध्ये विल्यम केन या दारूबंदीवाल्या खासदाराने ब्रिटिश पार्लमेंटमध्ये हिंदुस्थानातल्या गांजाचा प्रश्न काढला. गांजा-चरसाने लोक वेडे होतात, अशी तेव्हा सर्रास समजूत होती. त्यातून ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमलं गेलं. अध्यक्ष डब्ल्यू. मॅकवर्थ यंग. कमिशनने छापील प्रश्नावली काढली आणि कलेक्टर, डॉक्टर, पोलीस, अबकारी अधिकारी, व्यापारी, मिशनरी अशा ११९३ जणांची साक्ष घेतली. १८९४ मध्ये सात खंडांचा अहवाल आला. इतकी माणसं, इतका कागद. पण त्यातला सगळ्यात मोलाचा भाग मला वाटतो तो वेड्यांच्या इस्पितळांचा. कोकणाला ती संस्था परकी नव्हती. रत्नागिरीचं इस्पितळ १८८६ चं, म्हणजे तेव्हा उणंपुरं सात-आठ वर्षांचं.

१८९२ साली देशभरच्या इस्पितळांत १३४४ रुग्ण दाखल झाले. त्यांपैकी २२२ जणांच्या नावापुढे वेडाचं कारण म्हणून गांजा, चरस किंवा भांग लिहिलेली होती. कमिशनने ही प्रकरणं एकेक करून पुन्हा तपासली. ९८ प्रकरणांतच या पदार्थांचा काही हात असावा असं म्हणता आलं, आणि निव्वळ त्यांच्यामुळेच वेड लागलं असं म्हणण्याजोगी ६१ निघाली. बाकीच्यांत गांजा आला कुठून? रुग्णाला इस्पितळात आणणारे बहुतेकदा पोलीस. सोबतच्या कागदावर ‘कारण’ असा एक रकाना. माणूस कुठला, घरचं कोण, काही माहीत नाही; रकाना मात्र रिकामा ठेवायचा नाही. मग ‘गांजा’ लिहून मोकळं व्हायचं. पुढे डॉक्टरने तेच उतरवायचं, डॉक्टरच्या वहीवरून वार्षिक तक्ता बनायचा आणि तो तक्ता थेट पार्लमेंटमधल्या वादात. एका शिपायाचा अंदाज साम्राज्याची आकडेवारी होऊन बसला होता. त्या काळी रिकाम्या रकान्यात ‘गांजा’ भरत, आता ‘निरंक’ भरतात, एवढाच काय तो बदल!

त्यानंतरची बरीच वर्षं इथे हा विषय पोलिसांपेक्षा अबकारीचा राहिला. अफू-गांजाची परवान्याची दुकानं होती, सरकारला मोजायचा होता तो महसूल. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर कोकणातल्या ठाण्यात नशा म्हणजे हातभट्टी, आणि पुढे गोवा बनावटीची दारू. सिंधुदुर्गात बांदा-इन्सुलीच्या बाजूला आजही पत्रकाराला महिन्याला चार बातम्या त्याच मिळतात. दारूबंदीच्या गुन्ह्यांनी भरलेलं रजिस्टर पाहून कुणी म्हणेल, इथे दुसरी नशाच नाही. खरं म्हणजे हाताशी असलेली दोन माणसं आणि एक गाडी त्याच नाकाबंदीत गुंतलेली असते.

एनडीपीएस कायदा १४ नोव्हेंबर १९८५ ला लागू झाला, पुढच्या वर्षी मार्चमध्ये नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरो उभा राहिला. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. नुसती पानं आणि बिया त्यात येत नाहीत, म्हणून भांग सुटली. व्याख्येचा हा खेळ तक्त्यात कसा उतरतो, याचं उत्तम उदाहरण मेफेड्रोन, म्हणजे ‘एमडी’, पोरांच्या भाषेत ‘म्याऊ म्याऊ’. ते फेब्रुवारी २०१५ मध्ये या कायद्याच्या यादीत आलं. त्याच्या आदल्या महिन्यात एखाद्या ठाण्याला पुडी सापडली असती, तरी एनडीपीएसच्या रकान्यात प्रामाणिक उत्तर ‘निरंक’ हेच होतं.

ठाण्यांना प्रश्न विचारण्याचं शास्त्र केलं ते अमेरिकेने. पेनसिल्व्हेनियातल्या जॉन्सटाउन या पोलाद गिरण्या बंद पडलेल्या गावात १९९३ मध्ये ‘नॅशनल ड्रग इंटेलिजन्स सेंटर’ सुरू झालं. ते तिथेच का, याचं उत्तर तिथल्या खासदारांच्या वजनात शोधावं असं टीकाकार म्हणत. मतदारसंघात कार्यालय ओढून आणणं ही काही आपलीच खासियत नाही. या केंद्राने दरवर्षी देशातल्या राज्य आणि स्थानिक पोलीस खात्यांतून नमुना पद्धतीने सुमारे तीन हजार खाती निवडून त्यांना प्रश्नावली पाठवायला सुरुवात केली. तुमच्या भागात सर्वांत मोठा धोका कुठल्या पदार्थाचा? कुठला पदार्थ सहज मिळतो, कुठला मुश्किलीने? हाणामाऱ्या कशामुळे होतात, घरफोड्या कशामुळे? उत्तरं एकत्र करून वार्षिक अहवाल निघे आणि कुठे किती पैसा, किती माणसं द्यायची, या चर्चेत तो वापरला जाई. जून २०१२ मध्ये केंद्र बंद झालं. काम डीईए या अमली पदार्थविरोधी खात्याकडे गेलं आणि प्रश्नावली चालू राहिली.

या पद्धतीचा गुण असा की ती गुन्हे मोजत नाही, रोज रस्त्यावर असलेल्या माणसाचं मत मोजते. २००७ मध्ये हेरॉइनला सर्वांत मोठा धोका म्हणणारी खाती ८ टक्के होती, २०१५ मध्ये ३८ टक्के. वारं फिरलं ते त्यात स्पष्ट दिसलं. पण खोटही तिथेच. २००८ मध्ये अमेरिकेत डॉक्टरी चिठ्ठीवर मिळणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांनी कोकेन आणि हेरॉइन मिळून घेतले त्याहून जास्त बळी घेतले, आणि त्या काळात बहुतेक खाती कोकेन नाहीतर मेथाम्फेटामीनचं नाव लिहीत होती. गोळ्या खाऊन माणूस घरात, झोपेत मरतो. त्यात आरडाओरडा नाही, चोरी नाही. ठाण्याला त्याची खबर लागते ती अकस्मात मृत्यूची नोंद म्हणून.

आपल्याकडे अशी ठाणेनिहाय मत विचारणारी नमुना पाहणी रुळलेली नाही. जे आहे ते तुकड्यांत. ‘एम्स’ने २०१८ मध्ये घरोघर जाऊन केलेली, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी आहे, पण ती सेवन करणाऱ्यांची. देशभरचे गुन्हे मोजणाऱ्या एनसीआरबीचे आकडे आहेत: २०२२ मध्ये एनडीपीएसखाली केरळात २६,६१९ गुन्हे, महाराष्ट्रात १३,८३०. यावरून केरळात दुप्पट नशा आहे असं म्हणणारा एकतर भोळा असेल नाहीतर भाषण करत असेल. जिथे पोलीस जास्त शोधतात, तिथे जास्त सापडतं. २०१६ पासून अमली पदार्थांच्या कामातल्या खात्यांसाठी ‘एनकॉर्ड’ नावाची समन्वयाची रचना आहे आणि २०१९ पासून ती जिल्ह्यापर्यंत उतरली. जिल्हाधिकारी अध्यक्ष, सोबत पोलीस अधीक्षक, शिवाय इतर खाती. माझ्या बाकासमोरच्या तक्त्यासारखे तक्ते अशा बैठकांसाठी गोळा होतात.

कोकण किनाऱ्यावर हे मोजमाप आणखी अवघड, कारण इथे हद्दींची चळत आहे. जमिनीवर पोलीस, १२ सागरी मैलांपर्यंत सागरी पोलीस, पुढे तटरक्षक दल, आणि मालावर कस्टमचाही हक्क. महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटरचा म्हणून वर्षानुवर्षं सांगतात, त्यात खाड्या, लहानमोठी बंदरं, पुळणी. १९९३ मध्ये रायगडात दिघी आणि शेखाडीला मुंबईच्या बॉम्बस्फोटांची शस्त्रं-स्फोटकं उतरली, तेव्हापासून इथला पोलीस समुद्राकडे बघतो तो शस्त्रांच्या भीतीने. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला रायफली असलेली बेवारस बोट लागली, तेव्हाही तेच. रासायनिक कारखान्यांचा रायगडचा पट्टा हा वेगळाच धडा. डिसेंबर २०२३ मध्ये खोपोलीजवळ मेफेड्रोनचा कारखाना पकडला गेला, पण अशा भागात वास येतो म्हणून तक्रार करायची तर रोजच करावी लागेल.

आणि मग ऑगस्ट २०२३. कर्दे, लाडघर, मुरुड, केळशी, दापोलीच्या एकेका पुळणीवर लाटांबरोबर चरसची पाकिटं येऊ लागली. बघता बघता अडीचशे किलोंच्या घरात माल झाला, त्यातला मोठा भाग कस्टमने उचलला. पुढे रायगडातही पाकिटं लागली. तशीच पाकिटं गुजरातेत जखौकडेही मिळत होती. कायद्याने चरसची व्यावसायिक मात्रा एक किलो. दापोलीत हा माल कुणी मागवला नव्हता, कुणाला विकायचा नव्हता, तो पावसाळी समुद्राने आणून टाकला. त्या महिन्यात तिथल्या ठाण्यांना अमेरिकी पद्धतीचा प्रश्न कुणी विचारला असता, तर सर्वांत मोठा धोका ‘चरस’ असंच आलं असतं. जुलैत विचारला असता तर चरसचं नावही निघालं नसतं. गावातली पोरं काय ओढतात, त्यात मधल्या काळात काडीचा फरक पडलेला नव्हता.

माझ्या बाकासमोरचा तो तक्ता त्यानंतरच्याच पंधरवड्यातला. त्या हद्दीतल्या पुळणीवरही दोन पाकिटं लागली होती, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मी हवालदारांना विचारलं, “आणि ती पाकिटं?”

त्यांनी पेनाचं टोक एकेका रकान्यावर ठेवत मला दाखवलं. “लागवड? नाही. विक्री? नाही. संशयित? समुद्र. गुन्हा आणि मुद्देमाल कस्टमकडे. आता तुम्हीच सांगा, कशात बसवू?”