रिकाम्या दिसणाऱ्या मार्गिकेतून किती माणसं जातात?

सकाळची गर्दीची वेळ. तुम्ही वाहतूक कोंडीत अडकला आहात आणि शेजारची मार्गिका जवळजवळ मोकळी आहे. तिथे फक्त बस आणि तीन माणसं बसलेल्या मोटारींनाच परवानगी. 'ही जागा वाया चालली आहे' असं कुणालाही वाटेल. बस आणि कारपूलच्या (अनेकांनी मिळून एकाच मोटारीने जाण्याच्या) मार्गिकेवर हरकती-सूचना मागवल्या की नेमकी हीच हरकत पुढे येते. डोळ्यांना दिसणारं हे चित्र का फसवं असतं, हे लॉस एंजेलिसच्या एल मॉन्टे बसमार्गावर लख्ख दिसलं.

सॅन बर्नार्डिनो फ्रीवेलगतचा हा मार्ग १९७३ मध्ये फक्त बससाठी सुरू झाला. पुढे किमान तीन जण असलेल्या मोटारींनाही तिथे प्रवेश मिळाला. १ जानेवारी २००० पासून कॅलिफोर्नियाच्या कायद्याने तिघांची अट दोघांवर आणली. सकाळच्या सर्वाधिक गर्दीच्या तासात तिथून आधी सुमारे १,१०० गाड्या जात, त्या १,६०० झाल्या. माणसं मात्र ५,९०० वरून ५,२०० वर आली. गाड्या वाढल्या आणि माणसं घटली! वेग ताशी सुमारे १०५ किलोमीटरवरून ३२ पर्यंत घसरला, बसना उशीर होऊ लागला आणि शेजारच्या साध्या मार्गिकांनाही मोकळीक मिळाली नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये गर्दीच्या वेळेपुरती तिघांची अट परत आणावी लागली.

असं का झालं? तासाला १,१०० गाड्या म्हणजे दर सव्वातीन सेकंदांनी एक. १०५ च्या वेगाने त्या धावतात तेव्हा दोन गाड्यांमध्ये सरासरी ९५ मीटर अंतर पडतं. म्हणून रस्ता रिकामा दिसतो. पण ते अंतर त्या वेगासाठीच लागतं. एकेरी मार्गिकेत ओव्हरटेक करता येत नाही. पुढच्याने ब्रेक दाबला की मागच्याला थोडा जास्त दाबावा लागतो, त्याच्या मागच्याला त्याहून जास्त. गाड्यांची दाटी ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की हा धक्का मागे मागे सरकत जातो आणि सगळी रांग मंदावते. एरवी साध्या मार्गिकेतून, वाहतूक सुरळीत असली तरी, तासाला साधारण २,००० गाड्या जातात. प्रत्येकीत सरासरी सव्वा माणूस धरला तर अडीच हजार माणसं. 'रिकाम्या' मार्गिकेतून त्याच्या दुपटीहून अधिक माणसं जात होती, कारण त्यात भरलेल्या बस होत्या.

पण नुसता हिशोब बरोबर असून भागत नाही. त्याच शहरात मार्च १९७६ मध्ये सांता मोनिका फ्रीवेची एक चालू मार्गिका बस आणि कारपूलसाठी राखून ठेवण्यात आली. सुमारे २० किलोमीटरच्या या पट्ट्यात बसचे प्रवासी आणि कारपूल वाढले. पण उरलेल्या मार्गिकांवरची कोंडीही वाढली आणि अपघातही. लोकांचा संताप उसळला. जेमतेम २१ आठवड्यांनी, ऑगस्टमध्ये, पर्यावरणावरील परिणामांचा अभ्यास आधी केला नव्हता या कारणावरून न्यायालयाने प्रयोग थांबवला. एल मॉन्टेची मार्गिका नव्याने बांधलेली होती, इथली मात्र लोकांच्या वापरातून काढून घेतलेली. मला हा फरक फार मोलाचा वाटतो. ज्याच्या हातचं काही जातं आहे त्याला आधी विचारायलाच हवं, आणि विचारताना 'किती गाड्या' नव्हे तर 'किती माणसं' हा आकडा त्याच्यासमोर ठेवायला हवा. पुण्यात २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकांची जलद सेवा, सुरू झाली तेव्हापासून 'बसची लेन रिकामी पडते' हे वाक्य आपणही ऐकत आलो आहोत. बसमधली माणसं मोजून बोलणारे फार थोडे भेटतात.

सांता मोनिकाच्या अनुभवानंतर कॅलिफोर्नियात कारपूल मार्गिका पुष्कळ झाल्या. पण त्यातल्या बहुतेक रस्ता रुंद करून नव्याने जोडलेल्या आहेत. चालू मार्गिका राखून ठेवण्याच्या वाटेला तिथले अधिकारी पुढे क्वचितच गेले.