सिस्टमला भाव आधी कळत नाही हो
सांगलीत हळदीच्या सौद्याला गेलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं, ट्रेंडची सिस्टम (भाव ज्या बाजूला चाललाय त्यामागं ठरल्या नियमानं जायचं) लावली की दहातले आठ ट्रेड फायद्यातच. असलं काही नसतंय. सिस्टम भाव कुठं जाणार ते सांगतच नाही, २० दिवसांचा उच्चांक मोडला की घ्यायचं, १० दिवसांच्या नीचांकाखाली आला की विकायचं, बस्स. शिकागोच्या रिचर्ड डेनिस नावाच्या वायदे बाजारातल्या ट्रेडरनं १९८३ ला नवख्या पोरांना असलेच नियम शिकवले. निम्म्याहून जास्त ट्रेड तोट्यातच जातात पण तोटा छोटा असतो, आणि २००८ च्या मंदीसारखी एखादी मोठी चाल सगळं भरून काढते. बाजार आडवा चालला, म्हणजे भाव एकाच पट्ट्यात वरखाली होत राहिला, की मात्र महिनोन्महिने मार, आणि तिथंच आम्ही नियम मोडतो (मी पण). अंदाजानं घेणाऱ्या मुरलेल्या अडत्याला हळद हातात घेऊन जे कळतं ते सिस्टमला दिसत नाही, पण भाव पडला तरी माल सोडवत नाही त्याला.