वखराची पास आणि गोल्फची वेज

आमच्या वावराच्या धुऱ्याला लागून पंचवीसेक मीटरांचा पडीत पट्टा आहे. गुरं-बकऱ्या चरून तिथलं गवत बोटभरच उरतं. माझा भाचा काही वर्षं पुण्यात एका गोल्फ कोर्सवर कॅडी, म्हणजे खेळाडूंच्या काठ्या वाहणारा मदतनीस, होता. गावी परतताना त्यानं तीन जुन्या काठ्या आणि पिशवीभर चेंडू आणले, आणि वर्धा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवणारा मी या खेळात ओढला गेलो. त्या पट्ट्यावर मी पहिल्यांदा वेज, म्हणजे चेंडू जवळच पण उंच उडवायची काठी, फिरवली तेव्हा काठी मातीत रुतली आणि चेंडू जागचा हलला नाही. शेजारच्या वावरातले काका ते पाहत होते. त्यांनी काठी हातात घेतली, उलटी करून तळ पाहिला आणि म्हणाले, "हे त वखराची पास हाय ना सर. उभी धरली का मातीत घुसते, निजवली का वरवर चालते."

वेजबद्दल इतकी नेमकी गोष्ट मला त्याआधी कुणी सांगितली नव्हती.

वेज जमिनीवर सरळ टेकवून बाजूनं पाहा. तळाची पुढची धार जमिनीपासून थोडी वर असते आणि मागची कड टेकलेली असते. तळाच्या या तिरकेपणाला बाऊन्स म्हणतात. तो साधारण 4 ते 14 अंशांचा असतो. बऱ्याच वेजवर दोन आकडे कोरलेले दिसतात, समजा 56 आणि 10. पहिला लॉफ्ट, म्हणजे चेंडूला भिडणाऱ्या पृष्ठभागाचा कल, दुसरा बाऊन्स. नवे खेळाडू पहिला आकडा बघून काठी घेतात. माझ्या मते आपल्याकडच्या जमिनीवर दुसरा जास्त महत्त्वाचा आहे.

काठीचं डोकं वरून तिरकं खाली येतं. धार आधी टेकली तर ती नांगराच्या फाळासारखी आत जाते. मागची कड आधी टेकली तर जमीन तळाला वर ढकलते आणि डोकं घसरत पुढे निघून जातं. अमेरिकेचा गोल्फपटू जीन सॅराझेन वाळूच्या खड्ड्यांनी, म्हणजे बंकरांनी, हैराण झाला होता. त्यानं वेजच्या तळाला डाखाचा धातू चढवून मागची कड जाड आणि खोल केली. 1932 मध्ये त्यानं ब्रिटिश ओपन जिंकली, आणि आजची सँड वेज त्याच कल्पनेवर उभी आहे.

पण वाळू बारा महिने वाळूच असते. आपली काळी माती तशी नाही. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेल्या लाव्ह्याचा बेसाल्ट झिजून ती तयार झाली. तिच्यातल्या चिकणमातीत स्मेक्टाइट गटातली खनिजं भरपूर असतात. या खनिजांचे कण वहीच्या पानांसारखे एकावर एक थर रचून बनलेले असतात. पाऊस पडला की पाणी थरांच्या मध्ये शिरतं, थर फाकतात आणि माती फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून जातं, थर जवळ येतात, माती आक्रसते आणि तिला भेगा पडतात. मे महिन्यात आमच्या पट्ट्यावर चेंडू भेगेत गेला तर काडीनं उकरून काढावा लागतो. चेंडूचा व्यास किमान 42.67 मिलिमीटर असावा असा नियम आहे. भेगा किती रुंद असतील याचा अंदाज त्यावरून करा.

म्हणजे एकाच जागी आपल्याला वर्षभरात दोन वेगळी मैदानं मिळतात. जुलैत माती डोक्याला आधारच देत नाही, वर चिकटते. अशा वेळी कमी बाऊन्सची काठी रुतणारच. 12 अंशांची तळावर तरून निघते. एप्रिलमध्ये नेमकं उलटं होतं. जमीन विटेसारखी कडक असते. जास्त बाऊन्सचा तळ तिच्यावर आपटून उसळतो, धार चेंडूच्या पोटावर लागते आणि चेंडू जमिनीलगत गोळीसारखा सुटतो. तेव्हा 4 ते 6 अंशांची काठी बरी. दुकानात वेज फिरवून पाहताना पायाखाली गालिचा असतो. त्यावर काठी मागे आपटली तरी घसरत चेंडूपर्यंत पोचते, त्यामुळे चूकही कळत नाही आणि काठीही.

दोन वेज घेणं परवडत नसेल तर मधली, 56 अंशांची आणि 10 बाऊन्सची घ्या. बाकीचं काम हातांवर सोपवा. चेंडूला भिडताना दांडा पुढे 6 अंश झुकला, तर भूमितीच्या हिशेबानं बाऊन्स जवळपास 4 उरतो आणि लॉफ्टही 50 वर येतो. काठीचं तोंड आभाळाकडे उघडलं तर बाऊन्स वाढतो. हे तपासायला मी शाळेतला खडू वापरतो. तळाला खडू घासायचा, एक फटका मारायचा आणि खडू कुठून पुसला गेला ते पाहायचं. धारेजवळून गेला असेल तर काठी खणते आहे, मागून गेला असेल तर घसरते आहे. नववीची पोरं हा प्रयोग पाहून कोन जितकं शिकतात तितकं फळ्यावर शिकत नाहीत.

ड्रायव्हरवर, म्हणजे सगळ्यांत लांब फटक्याच्या काठीवर, मात्र मोठा पैसा घालू नये असं मला ठामपणे वाटतं. ड्रायव्हरचं डोकं 460 घन सेंटिमीटरपेक्षा मोठं चालत नाही, आणि चेंडू किती जोमानं उसळावा यालाही नियमानं मर्यादा आहे. टकरीनंतर दूर जाण्याचा वेग भागिले टकरीआधी जवळ येण्याचा वेग, हे उसळीचं गुणोत्तर सुमारे 0.83 वर अडवलं आहे. बरेच जुने ड्रायव्हरही या मर्यादेला टेकलेले आहेत, त्यामुळे नव्याकडून फार लांबीची आशा धरू नये.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सामना जवळच्या फटक्यांवर जिंकला जातो, असं गोल्फमध्ये पिढ्यान् पिढ्या म्हटलं जातं. कोलंबिया विद्यापीठाच्या मार्क ब्रोडी यांनी लाखो फटक्यांची आकडेवारी तपासली तेव्हा चांगल्या आणि साधारण खेळाडूतला सुमारे दोन तृतीयांश फरक 100 यार्डांपलीकडच्या फटक्यांतून येतो असं दिसलं. तरीही मी चिपचाच, म्हणजे जवळच्या छोट्या फटक्याचाच, सराव करतो. लांब फटक्याला दोनशे मीटर मोकळी जागा लागते. माझ्याकडे पंचवीस आहेत. आणि उरलेला एक तृतीयांशही थोडा नाही.

सरावाला दोन रिकामी पोती पुरतात. एक पाच मीटरांवर, दुसरं दहावर अंथरायचं. चेंडू पोत्यावर उतरवायचा आणि पुढे किती घरंगळतो ते पाहायचं. आठ नंबरच्या काठीनं चेंडू कमी उडतो, जास्त धावतो, वेजनं उलट. उंच उडवायचं तर झोका मोठा लागतो, आणि झोका मोठा असला की लहानशी चूकही दूरवर जाते. म्हणून कडक जमिनीवर मी आधी आठ नंबर उचलतो. थंडीत सकाळी दव असतं. काठी आणि चेंडू यांच्यामध्ये पाण्याचा पापुद्रा आला की घर्षण घटतं आणि चेंडू कमी गिरकी घेतो. काठीवरच्या खाचा टायरच्या नक्षीसारख्या पाणी बाजूला काढतात, पण त्या मातीनं भरल्या तर निकामी होतात. दुपट्ट्याच्या टोकानं दर वेळी पुसाव्यात.

आता वेळेबद्दल. चेंडू आणि काठी एकमेकांना भिडलेली असतात ती सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरती. शंभर फटके मारले तरी तो सगळा वेळ मिळून सेकंदाचा विसावा भाग होतो. मग कोर्सवरच्या एका पूर्ण खेळीचे चार तास कुठे जातात? एका फटक्याला 40 सेकंदांपेक्षा जास्त वेळ घेऊ नये, अशी नियमपुस्तकाची शिफारस आहे. चार जण प्रत्येकी 90 फटके आणि दर फटक्याला 40 सेकंद हा गुणाकार 14,400 सेकंद, म्हणजे बरोबर चार तास होतो. प्रत्येकानं दर फटक्यामागे दहा सेकंद वाचवले तर एक तास सुटतो. हरवलेला चेंडू शोधायला 2019 पासून पाचऐवजी तीनच मिनिटं मिळतात.

तरीही कोर्सवर रांगा लागतात, त्या ठरावीक जागी. त्याचं कारण जिनिंगच्या दारात कापसाच्या गाड्या घेऊन उभं राहिलेल्याला लगेच कळेल. आत जागा कितीही असो, वजनकाट्यावर एका वेळी एकच गाडी चढते. कोर्सवर पहिल्या फटक्याच्या जागेपासून खळग्यापर्यंतच्या एका टप्प्याला होल म्हणतात, आणि खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताला ग्रीन. लांब होलवर दोन गट एकाच वेळी खेळू शकतात: पुढचा ग्रीनवर, मागचा सुरुवातीला. पार तीनच्या, म्हणजे तीन फटक्यांत संपवणं अपेक्षित असलेल्या, छोट्या होलवर पहिल्याच फटक्यात चेंडू ग्रीनवर पोचू शकतो, म्हणून पुढचा गट बाजूला होईस्तोवर मागच्यांना थांबावंच लागतं. पार तीन म्हणजे तो काटा. तिथे पोचायच्या आत जो काठी निवडून, अंतर ठरवून, हातमोजा चढवून तयार असतो तो मागच्या सगळ्यांचा वेळ वाचवतो. काट्यावर गाडी चढल्यावर कापसावरची ताडपत्री सोडायला बसणाऱ्याला लोक काय म्हणतात ते आमच्या पोरांना ठाऊक आहे, म्हणून पट्ट्यावर एकाचा चेंडू हवेत असतानाच दुसरा आपल्या चेंडूपाशी उभा असतो.