डिफेक्ट वेगळा, डोपिंग वेगळं (झिंक ऑक्साईडवाल्यांसाठी)

परवा एका ज्युनियरने विचारलं, "दादा, व्हेकन्सी काय अन् डोपिंग काय, क्रिस्टलमध्ये गडबडच की ओ शेवटी?" सोलापूरचं पोरगं आहे म्हणून म्हटलं चादरीवरनं सांगतो. मागावर एखादा धागा तुटला, कुणाचं लक्ष गेलं नाही आणि चादरीत रेघ उमटली, हा झाला डिफेक्ट (व्हेकन्सी, म्हणजे क्रिस्टलमधली अणूची रिकामी जागा, हा त्यातलाच एक प्रकार). आणि जॅकार्डवर मुद्दाम लाल सूत घालून मोर काढला, ते डोपिंग, म्हणजे क्रिस्टलमध्ये मुद्दाम दुसरा अणू घालणं.

पण इथंच उदाहरण थोडं फसतं, कारण चांगला विणकर बिनरेघेची चादर काढू शकतो, बिनडिफेक्टचा क्रिस्टल मात्र कुणालाच निघत नाही, तापमान आहे म्हटल्यावर थोड्या जागा रिकाम्या राहणारच. कुठं ऑक्सिजन गळालेला, कुठं झिंक भलत्याच जागी घुसलेला. आणि नॅनो (अगदी बारीक कण) म्हटलं की पृष्ठभाग जास्त, म्हणून हा प्रकारही जास्त.

डोपिंगमध्ये आपण काय घालतो त्यावर सगळं आहे. ॲल्युमिनियम घातलं तर +2 चार्जवाल्या झिंकच्या जागी +3 वाला बसतो, एक इलेक्ट्रॉन मोकळा होतो, कंडक्टिव्हिटी वाढते, आणि बँड गॅप (भरलेल्या अन् मोकळ्या इलेक्ट्रॉन-पातळ्यांमधलं ऊर्जेचं अंतर) मुळातच 3.3 ईव्हीच्या (इलेक्ट्रॉन-व्होल्ट) आसपास, म्हणजे दिसणाऱ्या प्रकाशाच्या ऊर्जेहून जास्त असल्यानं फिल्म पारदर्शकही राहते. कोबाल्ट घाला, तो झिंकसारखाच +2, म्हणजे इलेक्ट्रॉन वगैरे काही देत नाही पण पावडर हिरवी होते आणि गार केली तरी हिरवीच राहते. उलट साधं झिंक ऑक्साईड तापवलं की पिवळं अन् गार झालं की परत पांढरं, हे बारावीतच शिकलोय आपण.

आता खरी गंमत. काही न घालताच झिंक ऑक्साईड एन-टाईप (मोकळ्या इलेक्ट्रॉनवर वीज वाहणारं) निघतं, आणि कित्येक वर्षं सगळे म्हणायचे ऑक्सिजन व्हेकन्सीमुळं. मग 2000 साली व्हॅन डी वॉले या संशोधकांनी गणितं करून दाखवलं की आत शिरलेला हायड्रोजनही इलेक्ट्रॉन देतो, आणि पुढच्या गणितांत व्हेकन्सीची लेव्हल (तिथल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा-पातळी) इतकी खोल निघाली की रूम टेंपरेचरला तिथनं इलेक्ट्रॉन सुटणंच अवघड. म्हणजे बघा, ज्याला डिफेक्ट समजत होतो त्यात नकळत झालेलं डोपिंगही असू शकतं! तरी अजून कितीतरी सेमिनारमध्ये "व्हेकन्सीमुळं एन-टाईप" हे बिनधास्त ठोकून देतात.

बरं दोन्ही एकमेकांपासून सुटेही नाहीत. डोपंट (बाहेरचा अणू) घातला की तो स्वतःचे डिफेक्ट घेऊन येतो, पी-टाईप (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागांवर वीज वाहणारं) करायला नायट्रोजन घाला तर क्रिस्टल उलट्या चार्जचे डिफेक्ट करून हिशोब मिटवून टाकतो, ॲल्युमिनियम जास्त झालं तर झिंक ॲल्युमिनेट वेगळं पडतं.

मी स्वतः यात तोंडावर पडलोय. डोप केलेल्या सँपलला पीएलमध्ये (फोटोल्युमिनेसन्स, म्हणजे प्रकाश टाकून सँपलमधून परत निघणारा प्रकाश मोजणं) 520 नॅनोमीटरच्या आसपास हिरवा पीक मोठा आला, मी लगेच ॲल्युमिनियमच्या नावावर लिहून टाकला. नंतर वही बघितली तर साधं सँपल उघड्या क्रुसिबलमध्ये (भाजायच्या भांड्यात) भाजलेलं आणि डोपवालं झाकण ठेवून, म्हणजे एकाला ऑक्सिजन भरपूर अन् दुसऱ्याला कमी. तो हिरवा पीक नेमका कशामुळं येतो यावर तसाही आजून वाद चालूच आहे, आणि मी तर भाजायची पद्धतच बदलून बसलेलो.

ज्युनियर म्हणाला, "मग झाकण ठेवू का काढू?"

म्हटलं, "काहीही कर बे, पण दोन्हीला सारखंच कर, अन् एकाच वेळी एकाच फर्नेसमध्ये टाक."