'फास्ट'ला 'ली' का लागत नाही?

'क्विक'चं 'क्विकली' होतं, मग 'फास्ट'चं 'फास्टली' का नाही? इंग्रजी शिकणारा प्रत्येक जण कधीतरी इथे अडखळतो. व्याकरणाची पुस्तकं 'फास्ट, हार्ड, लेट, अर्ली, स्ट्रेट' अशी यादी देऊन 'हे अपवाद पाठ करा' म्हणतात. अपवाद म्हटलं की शब्दच नियम चुकले असं वाटतं. इतिहास मात्र उलटा आहे: यातले बरेच शब्द 'ली'पेक्षा जुन्या नियमाने घडले आहेत.

सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत विशेषणाचं क्रियाविशेषण करायला शेवटी एक ऱ्हस्व 'ए' जोडत. 'हेआर्द' म्हणजे कठीण, 'हेआर्दे' म्हणजे जोराने, कठोरपणे. दोन्ही रूपं वेगळी होती, गोंधळाला जागा नव्हती.

'ली'चं मूळही याच काळातलं. नामाला किंवा विशेषणाला 'लिच' जोडून नवं विशेषण तयार व्हायचं. 'फ्रेंडली' हा त्याच घडणीचा शब्द. अशा विशेषणाचं क्रियाविशेषण करताना नेहमीचा 'ए' लागून शेवट 'लिचे' व्हायचा. हळूहळू लोकांना 'लिचे' हाच एक अखंड प्रत्यय वाटू लागला आणि तो साध्या विशेषणांनाही थेट जोडला जाऊ लागला. पुढे 'लिच' आणि 'लिचे' दोन्ही झिजून 'ली' झाले. म्हणूनच 'फ्रेंडली' विशेषण आणि 'स्लोली' क्रियाविशेषण असूनही दोघांचं शेपूट सारखंच दिसतं.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस कवी चॉसरने एका जोगिणीचं वर्णन करताना लिहिलं, की ती फ्रेंच 'फुल फेअर अँड फेटिसली' बोलते, म्हणजे छान आणि ऐटबाज. एकाच ओळीत दोन्ही पद्धती शेजारी शेजारी आहेत: 'फेअर'च्या शेवटी जुना 'ए' आणि 'फेटिस'ला नवा 'ली'. त्यातही हा 'ए' कागदावर दिसतो, पण पुढे स्वर आल्यामुळे वाचताना गिळला जातो.

पुढच्या काळात हा शेवटचा 'ए' सगळीकडेच बोलण्यातून गेला. उत्तरेकडे तो आधीच गेला होता, दक्षिणेत 1400 च्या आसपास. प्रत्यय गेला, पण शब्द वापरात राहिले, आणि विशेषण व क्रियाविशेषण एकसारखे ऐकू येऊ लागले. ('छान मुलगी' आणि 'छान गाते' म्हणताना आपलंही काही अडत नाही.) फरक दाखवायची गरज वाटली तिथे 'ली' पसरला. काही ठिकाणी दोन्ही रूपं टिकली आणि त्यांनी अर्थ वाटून घेतले. 'हार्ड' म्हणजे कसून. 'हार्डली' आधी 'कठोरपणे', मग 'कष्टाने' आणि शेवटी 'जेमतेम'पर्यंत घसरला. 'लेट' आणि 'लेटली'चंही तसंच.

'फास्ट'ची गोष्ट सगळ्यात मजेदार. त्याचा मूळ अर्थ घट्ट, पक्का. 'फास्ट अस्लीप'मध्ये तो अजून जिवंत आहे. क्रियाविशेषण म्हणून 'घट्ट'वरून 'जोर लावून' आणि त्यावरून 'वेगाने' असा अर्थ सरकला. 'वेगवान' हे विशेषण त्यानंतर आलं. म्हणजे इथे क्रियाविशेषणाने विशेषणाला अर्थ दिला!

सतराव्या शतकापर्यंत 'ली' नसलेल्या अशा क्रियाविशेषणांबद्दल फारशी कुरबुर नव्हती. शेक्सपिअरचा हॅम्लेट स्वतःला 'इनडिफरंट ऑनेस्ट', म्हणजे बऱ्यापैकी प्रामाणिक, म्हणवतो. अठराव्या शतकात मात्र व्याकरणकारांची छडी आली. 1762 मध्ये रॉबर्ट लाउथ या धर्मगुरूने आपल्या इंग्रजी व्याकरणात विशेषणाचा असा वापर अयोग्य ठरवला आणि थेट शेक्सपिअरचीच उदाहरणं चुकांमध्ये टाकली. लॅटिनमध्ये दोन्ही रूपं वेगळी असतात आणि त्या काळच्या विद्वानांची फूटपट्टी लॅटिनचीच होती. लिंडली मरेच्या 1795 च्या व्याकरणाने लाउथचे बरेच नियम शाळाशाळांत पोहोचवले. जुना 'ए' झडून गेल्याचा हिशेब या निकालात कुठेच नव्हता.

'इनडिफरंट ऑनेस्ट'सारखे प्रयोग शिष्ट लेखनातून उठले. 'फास्ट' आणि 'हार्ड'ला मात्र पर्यायच नव्हता, म्हणून ते वाचले. 'स्लो' मधल्यामध्ये राहिला: रस्त्यावरच्या पाटीवर चालतो, निबंधात लाल रेघ ओढून घेतो. 1997 मध्ये ॲपलने 'थिंक डिफरंट' हे घोषवाक्य आणलं, तेव्हा 'डिफरंटली' हवं होतं, म्हणून शुद्धतावाद्यांनी पुन्हा नाक मुरडलं.