बाहेरचा ईसीयू आणि ‘ट्यूनिंग’ या शब्दाचा घोळ

इंधनाचा हिशोब इलेक्ट्रॉनिक्सकडे सोपवणारी जर्मन गाडी १९६७ मध्ये आली. १९७९ मध्ये इंधन आणि स्पार्क एकाच कॉम्प्युटरकडे, म्हणजे ईसीयूकडे, गेले. नाशिकच्या गॅरेजात हे पोचायला आणखी वीस वर्षं लागली. सातपूरला डिझेलची नोझल्स बनत होती, पण पेट्रोल गाडीचा मिस्त्री तोवर कार्बोरेटरचा स्क्रू आणि फट मोजायचा फीलर गेज यांवरच काम भागवत होता.

१९९८ मध्ये सँट्रो एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर, घेऊन आली. २००० च्या प्रदूषण नियमांमुळे मारुती ८०० चाही कार्बोरेटर जाऊ लागला. ७९६ सीसीचं तेच तीन सिलिंडरचं इंजिन, पण आता फिरवायला स्क्रूच नाही. शब्द मात्र जुनाच राहिला, आणि घोळ तिथूनच सुरू झाला. एकेकाळी ट्यूनिंग म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचा गॅप, स्पार्कचं टायमिंग आणि हवा-इंधनाचं मिक्श्चर. आज तोच शब्द तीन वेगळ्या कामांना लावतात.

पहिलं काम रिमॅपचं. मूळ ईसीयू तोच, फक्त आतले आकडे बदलतात. दुसरं काम पिगीबॅक किंवा ट्यूनिंग बॉक्सचं. हा सेन्सर आणि ईसीयू यांच्या मधे बसतो आणि सरळ खोटं बोलतो. सीआरडीआय डिझेलमध्ये सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून, म्हणजे रेलमधून, इंधन मिळतं; तिथे तो रेलचं प्रेशर आहे त्यापेक्षा कमी दाखवतो, मग ईसीयू बिचारा प्रेशर वाढवत बसतो. तिसरं काम स्टँडअलोनचं: मूळ ईसीयू काढून दुसराच बसवायचा, क्रँक सेन्सरपासून इंजेक्टरपर्यंत वायरिंग नव्याने ओढायचं आणि इंधनाचा तक्ता कोऱ्या पाटीवरून भरायचा. गिऱ्हाईक तिन्हींना ‘चिप बसवली’ म्हणतं. माझ्या मते बाहेरचा ईसीयू हे नाव फक्त तिसऱ्यालाच शोभतं.

हे तिसरं काम इथे रुजलं ते रॅलीमुळे. २००० नंतर नाशिकच्या आसपासच्या मातीच्या रस्त्यांवर राष्ट्रीय रॅलीच्या फेऱ्या होत. गाड्या जिप्सी, बलेनो, पुढे सेडिया. त्यातच २००१ पासून हाताने जोडायचे स्वस्त ईसीयू परदेशात मिळू लागले आणि हौशी मंडळींना वाट सापडली. वाट सोपी नव्हती. काहींनी फक्त थ्रॉटल (हवेची झडप) किती उघडला यावर इंधन ठरवलं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, इथली हवा विरळ. इथे भरलेला तक्ता कसारा घाट उतरून मुंबईला नेला की हवा दाट होते, इंधन तेवढंच राहतं आणि इंजिन लीन, म्हणजे हवेच्या मानाने कमी इंधनावर, चालतं. इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर लावणाऱ्यांना हा त्रास नाही.

नव्या गाड्यांत स्टँडअलोन मागे पडला. चावी ओळखणारा इमोबिलायझर, मीटर, एबीएस सगळे मूळ ईसीयूशी बोलतात. तो काढला की मीटर गप्प. म्हणून एप्रिल २०२० च्या बीएस-६ नंतरच्या गाड्यांत रिमॅपचंच राज्य आहे.

उरला कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये ‘बदल’ म्हणजे गाडीचं मूळ वैशिष्ट्य पालटेल असा रचनेतला बदल. जानेवारी २०१९ मध्ये देशाच्या सर्वांत वरच्या कोर्टाने कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही असं म्हटलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत मालकाला दर बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. पण आरसीवर सीसी असतो, इंधन असतं, चासी नंबर असतो. ईसीयूचा रकाना नाही. मग तो रचनेत धरायचा की नाही? मिस्त्री नाही म्हणतात. मला ती पळवाट वाटते, कारण प्रदूषणाची मान्यता मूळ ईसीयूसकटच मिळालेली असते. पीयूसीला गाडी जागेवर उभी असते. आयडलला आणि नव्या पेट्रोल गाड्यांत २,५०० आरपीएमच्या आसपास नळी लावतात. पेडल पूर्ण दाबल्यावर मिक्श्चर काय होतं, ते तिथे दिसत नाही. तरीही जाणते लोक मूळ ईसीयू आणि हार्नेस (वायरिंगचा जुडगा) भंगारात घालत नाहीत. पंधरा वर्षांनी पासिंगला ते परत लागतात.